आवाजावरचा वण

(सामुदायिक रेडिओ केंद्रावर झालेलं भाषण)



मागच्या महिन्यात कार्यक्रम संपला आणि केंद्रावरचा फोन वाजला. पलीकडे एक बाई होत्या. त्यांच्या जाऊबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवतात. तीन वर्षांपूर्वी स्वरतंतूवरची गाठ काढली. गाठ साधी निघाली, घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकला, पण आवाज काही परत आला नाही. बोलतात तेव्हा शब्दापेक्षा हवाच जास्त बाहेर येते, आणि चौथ्या तासाला घसा दुखून डोळ्यांत पाणी येतं. आता शहरातल्या एका दवाखान्यानं सांगितलंय, की स्टेम सेलची तीन इंजेक्शनं घ्या, आवाज पूर्वीसारखा होईल. खर्च लाखांच्या घरात. जाऊबाईंनी पाटल्या मोडायचं ठरवलंय. “बाई, हे खरं आहे का हो?” एवढाच त्यांचा प्रश्न होता.

मी डॉक्टर नाही. एकोणतीस वर्षं हायस्कूलला जीवशास्त्र शिकवलं, आणि माझ्या स्वतःच्या घशानं त्या एकोणतीस वर्षांत दोनदा दगा दिला. तुम्ही ऐकताय ही खरखर तेव्हाचीच. म्हणून मी त्यांना फोनवर हो किंवा नाही म्हणाले नाही. म्हटलं, मला एक महिना द्या, वाचते आणि रेडिओवर सांगते. तोवर पाटल्या हातातच राहू द्या.

वाचायला लागले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. ‘खरं आहे का’ याचं उत्तर आजच्या जाहिरातीत मिळत नाही, जुन्या गोष्टीत मिळतं. तर आज ती गोष्ट.

सुरुवात नावापासूनच करते, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. आपण ‘स्वरतंतू’ म्हणतो. तंतू म्हटलं की डोळ्यांपुढे तंबोऱ्याची तार येते. हा तंतू आला तो पॅरिसहून. १७४१ साली आंतुआन फेरॅं नावाच्या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञानं मेलेल्या माणसांची आणि जनावरांची स्वरयंत्रं काढून घेतली आणि त्यांत हवा फुंकली. आवाज निघाला! मेलेल्या गळ्यातून आवाज. त्याला वाटलं, ही तर व्हायोलिनसारखी वाद्यातली तार आणि हवा म्हणजे तिच्यावर फिरणारा गज. त्यानं नाव ठेवलं ‘आवाजाच्या तारा’. पुढे सगळ्या जगानं तेच नाव उचललं, आपणही. प्रत्यक्षात तिथे तार नाही. श्वासनळीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंनी आत आलेल्या दोन मऊ घड्या आहेत. त्या जवळ येतात, खालून हवा येते, घड्या थरथरतात. नाव चुकलं म्हणून दोनशे वर्षं बिघडलं असं मी म्हणणार नाही, पण तार म्हटली की ती ताणायची किंवा बदलायची असंच सुचतं. घडी म्हटली की वेगळा विचार सुचतो. तो सुचायला फार वेळ लागला.

फेरॅंनं पाहिला तो मेलेला गळा. जिवंत माणूस गाताना आत काय होतं, हे नीट पाहिलं ते एका गवयानं, डॉक्टरानं नव्हे. मॅन्युएल गार्सिया. स्पॅनिश गवयांच्या घरातला मुलगा. बहिणी मारिया मालिब्रान आणि पोलीन व्हियार्दो, दोघी युरोपभर गाजलेल्या गायिका. मॅन्युएलचा स्वतःचा आवाज मात्र तरुणपणीच ताणून ताणून खराब झाला आणि त्याला रंगमंच सोडावा लागला. मग तो गाणं शिकवू लागला. ज्याचा आवाज गेला, त्यालाच आवाज कुठून येतो हे पाहण्याची ओढ लागली, यात मला काही नवल वाटत नाही.

१८५४ साली त्यानं दात तपासायचा छोटासा लांब दांडीचा आरसा घेतला, तो गरम करून घशाच्या मागे टेकवला, दुसऱ्या आरशानं त्यावर ऊन पाडलं, आणि स्वतःच्या गळ्यात पाहिलं. त्या दोन घड्या उघडत होत्या, मिटत होत्या. पुढच्या वर्षी, १८५५ मध्ये, लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यानं हे मांडलं. काही वर्षांत व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी तोच आरसा रोग तपासायला वापरला, आणि घशाच्या डॉक्टरांचं एक नवंच शास्त्र उभं राहिलं. गार्सिया शंभर वर्षं पुरी करून वर गेला. १९०५ मध्ये त्याच्या शंभराव्या वाढदिवसाला लंडनमध्ये डॉक्टरांनी त्याचा मोठा सत्कार केला.

आरशात घड्या दिसल्या, पण थरथर दिसेना. कशी दिसणार? आपण बायका बोलतो तेव्हा त्या घड्या सेकंदाला साधारण दोनशे वेळा एकमेकींवर आपटतात. पुरुषांच्या शंभर-सव्वाशे वेळा. डोळ्याला नुसता धुरकट पट्टा दिसतो. ट्यूबलाइटच्या उजेडात फिरता पंखा कधी कधी अगदी सावकाश फिरतोय असा भास होतो, तुम्ही पाहिलं असेल. तीच युक्ती म्युनिकच्या एर्टेल नावाच्या डॉक्टरनं १८७८ मध्ये घशासाठी वापरली. उजेड तुकड्यातुकड्यानं पाडायचा, म्हणजे भरधाव थरथर संथ दिसते. आजही आवाजाच्या चांगल्या तपासणीत हाच लुकलुकता उजेड वापरतात. त्याचं नाव स्ट्रोबोस्कोपी. हे नाव जरा लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

या उजेडात दिसलं की घडीवरून एक लाट जाते. तळ्यावरून वाऱ्याची जाते तशी. ही लाट जोवर जाते तोवर आवाज गोड. लाट अडली की आवाज फुटला. पण लाट जाते कशी? हे कळायला जपानमधल्या कुरुमे शहरापर्यंत जावं लागतं. तिथले मिनोरू हिरानो यांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं की ही घडी एकजिनसी नाही, थराथरांची आहे. सगळ्यात वर पातळ त्वचा, तिच्याखाली जेलीसारखा मऊ थर, मग जरा चिवट थर, आणि सगळ्यात आत स्नायू. तो मऊ थर पूर्वी, १८९५ मध्ये, जर्मनीच्या राइन्के यांनी पाहिला होता. हिरानोंनी सांगितलं ते त्याचं काम. वरचं पांघरूण आतल्या शरीरावरून मोकळं सरकतं, म्हणून लाट जाते.

तापवून निवलेल्या दुधाचं भांडं जरा हलवून बघा. साय कशी लहरते! खाली दूध आहे म्हणून लहरते. तेच दूध आटवून खवा केला तर साय कुठून हलणार? वण पडतो तेव्हा नेमकं हेच होतं. गाठ काढताना, भाजल्यामुळे, फार दिवसांच्या नळीमुळे किंवा वर्षानुवर्षांच्या ताणानं त्या मऊ थराला जखम झाली, तर शरीर घाईनं ती भरून काढतं. हातावर कापलं तर असंच होतं, तिथे वण राहिला तरी चालतो. घशात शरीर रफू करत नाही, जाडं ठिगळ लावतं. मऊ जेलीच्या जागी कोलॅजनचे राठ धागे येतात आणि वरची त्वचा आतल्या थराला चिकटून बसते.

आणि हे सगळं किती जागेत? बाईच्या घडीचा थरथरणारा भाग सुमारे १० मिलिमीटर लांब, म्हणजे करंगळीच्या नखाएवढा. तो मऊ थर अर्धा मिलिमीटरसुद्धा जाड नसतो.

आता एक हिशोब करू. शाळेतली बाई दिवसात सगळं मिळून दोन तास तरी प्रत्यक्ष आवाज काढते असं धरा. सेकंदाला दोनशे, गुणिले छत्तीसशे, गुणिले दोन. चौदा लाख चाळीस हजार. एका दिवसात इतक्या वेळा त्या नखाएवढ्या घड्या एकमेकींवर आपटतात. टाळ्या वाजवून बघा कितीला हात सुजतात. बायकांच्या घड्या आखूड, म्हणून आपटणं जास्त, आणि शिक्षकीत, अंगणवाडीत, बाजारात ओरडून बोलायची कामं बायकांकडे जास्त. आवाजाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांत बायका अधिक असतात, यात नाजूकपणाचा काही संबंध नाही. मला मुख्याध्यापकांनी एकदा सांगितलं होतं, “बाई, तुम्ही जरा हळू बोलत जा.” साठ पोरांच्या वर्गात! असो.

तर वण पडलेली घडी दुरुस्त कशी करायची?

पहिली कल्पना भरावाची होती. भिंतीला भेग पडली की आपण चुना भरतो, तसं. १९११ मध्ये जर्मनीत ब्र्यूनिंग्ज यांनी घडीत पॅराफिन, म्हणजे मेण, टोचून भरलं. मुळात हा उपाय लुळ्या पडलेल्या घडीसाठी होता. घडी फुगली की दुसरीला भिडेल आणि आवाज निघेल, असा विचार. आवाज निघालाही. पण मेण शरीराला सोसेना, आसपास गाठी होऊ लागल्या. साठच्या दशकात अमेरिकेत गॉडफ्रे अर्नॉल्ड यांनी टेफ्लॉन वापरायला सुरुवात केली. हो, आपल्या नॉनस्टिक तव्यावरचं तेच. वीस-पंचवीस वर्षं ते खूप चाललं. मग दिसू लागलं की त्याच्याभोवतीही गाठी होतात, घडी दगडासारखी होते आणि एकदा भरलं की नीट काढता येत नाही. मग आलं कोलॅजन, मग रुग्णाच्याच पोटावरची चरबी. हे बरंच सौम्य, आणि लुळ्या घडीला आजही उपयोगी. पण वणाला? खवा झालेल्या दुधात वरून काही घालून परत दूध होत नाही.

शस्त्रक्रियेनं आवाज जातो तो फक्त खेड्यातल्या शिक्षिकेचाच, असंही नाही. ‘साउंड ऑफ म्युझिक’ सिनेमा पाहिला असेल तर ज्युली अँड्र्यूज आठवतील. १९९७ मध्ये न्यूयॉर्कला त्यांच्या स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्यांचा तो गाण्याचा आवाज परत आलाच नाही. पैसा होता, जगातले डॉक्टर हाताशी होते, आणि तरी वणावर कुणाकडे औषध नव्हतं. पुढे बॉस्टनचे घशाचे सर्जन स्टीव्हन झाइटेल्स आणि रसायनतज्ज्ञ रॉबर्ट लँगर यांनी त्या मऊ थराच्या जागी घालता येईल अशी कृत्रिम जेली करायचं काम हाती घेतलं, आणि अँड्र्यूज त्या कामाच्या पाठीशी उभ्या राहिल्या.

आता स्टेम सेल. मराठीत मूलपेशी. आपलं रक्त रोज नवं होतं ते हाडांच्या मगजातल्या मूलपेशींमुळे. हे १९६१ मध्ये टोरांटोच्या टिल आणि मॅकलॉक या जोडीनं उंदरांवर दाखवलं. मॉस्कोच्या फ्रीडेनश्टाइन यांना त्याच मगजात दुसऱ्या प्रकारच्या पेशी सापडल्या. त्यांच्यापासून हाड आणि कूर्चा तयार होऊ शकत होतं. १९९१ मध्ये अमेरिकेच्या अर्नोल्ड कॅप्लन यांनी त्यांना एक भारदस्त नाव दिलं, ‘मेसेंकायमल स्टेम सेल’. नाव मोठं, आशा त्याहून मोठी. या पेशी जिथे टोचू तिथलं अंग त्या नव्यानं बांधतील, असं सगळ्यांना वाटू लागलं.

घशापर्यंत त्या पोहोचल्या २००३ मध्ये. क्योटो विद्यापीठाच्या शिनइची कानेमारू आणि त्यांच्या सोबत्यांनी कुत्र्यांच्या घडीला जखम केली, त्याच कुत्र्यांच्या मगजातल्या पेशी वाढवून एका बाजूला टोचल्या, दुसऱ्या बाजूला नाहीत. पेशी दिलेली बाजू चांगली भरून आली. स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या स्टेलान हेर्टेगोर्ड यांच्या गटानं सशांवर काम केलं. माणसाच्या पेशी सशाच्या वण पडलेल्या घडीत घातल्या. वण कमी झाला, घडी जास्त लवचीक झाली. पण एक चमत्कारिक गोष्ट दिसली. महिन्याभरानं शोधलं तर टोचलेल्या पेशींतल्या फार थोड्या उरल्या होत्या.

म्हणजे पेशी गेल्या आणि काम करून गेल्या! मला हे वाचल्यावर आमची आजी आठवली. ती सुईण होती. सुईण येते, काय हवं-नको सांगते, काम मार्गी लावते आणि आपल्या घरी जाते. बाळ तिचं नसतं. या पेशीही बहुतेक स्वतः घडी बांधत नाहीत. आसपासच्या पेशींना रसायनांतून निरोप देतात, सूज आवर, एवढे राठ धागे विणू नकोस, आणि मग नाहीशा होतात. खुद्द कॅप्लन यांनी २०१७ मध्ये लिहिलं की मी दिलेलं नाव चुकलं, ते आता बदला, यांना स्टेम सेल म्हणू नका. स्वतः ठेवलेलं नाव सव्वीस वर्षांनी मागे घ्यायला मोठं मन लागतं. गंमत अशी की ज्यानं नाव दिलं त्यानं ते सोडलं, पण जाहिरातींनी काही सोडलेलं नाही.

निरोपच महत्त्वाचा असेल तर सुईण कशाला, निरोपच पाठवू, असाही विचार झाला. क्योटोत शिगेरू हिरानो यांनी शरीरात वण आवरणारं एक प्रथिन औषधासारखं रुग्णांच्या घडीत टोचून पाहिलं. (आडनाव तेच, पण कुरुमेचे हिरानो वेगळे.) त्याच्याही चाचण्या सुरुवातीच्याच.

मैत्रिणींनो, पुढचा भाग सांगायला मला जड जातं, पण तो वगळला तर गोष्ट खोटी होईल. तोही स्टॉकहोमचाच. २०११ मध्ये तिथल्या नावाजलेल्या कारोलिन्स्का रुग्णालयात पाओलो माक्कियारिनी नावाच्या सर्जननं एका माणसाला प्लॅस्टिकची श्वासनळी बसवली. त्या प्लॅस्टिकवर रुग्णाच्याच मगजातल्या पेशी पेरल्या होत्या आणि त्या रुजून नळी जिवंत होईल, असा दावा होता. जगभरच्या वर्तमानपत्रांनी चमत्कार म्हणून छापलं. स्वीडनमध्ये अशा नळ्या तिघांना बसवल्या. पेशी रुजल्याच नाहीत. तिघंही पुढे दगावले. जनावरांवर पुरेसे प्रयोग न करताच हे माणसांवर केलं होतं. त्याच रुग्णालयातल्या चार डॉक्टरांनी २०१४ मध्ये तक्रार केली, तर आधी त्यांनाच त्रास झाला. शेवटी २०२३ मध्ये स्वीडनच्या वरच्या न्यायालयानं माक्कियारिनीला अडीच वर्षांची कैद सुनावली.

दवाखाना नामांकित होता, डॉक्टर प्रसिद्ध होता, शब्द तोच होता, मूलपेशी. म्हणून कुणी म्हणालं की ‘अहो परदेशात करतात’, तर माझ्या डोळ्यांपुढे ही नळी येते.

आणि त्याच कारोलिन्स्काच्या छत्राखाली हेर्टेगोर्ड यांचं काम चाललं होतं. किती वेगळं! आधी जनावरं, वर्षानुवर्षं. मग माणसं, फक्त १६. सगळ्यांच्या घडीवर वण, सगळ्यांचा आवाज अगदी बसलेला. आधी वण कापून काढला, मग प्रत्येकाच्या स्वतःच्या मगजातल्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी टोचल्या. वर्षभर त्यांच्यावर लक्ष ठेवलं. २०२० मध्ये निकाल छापला. गंभीर त्रास कुणालाही झाला नाही. बऱ्याच जणांच्या घडीची थरथर सुधारली. पण ‘माझा आवाज मला बरा वाटतो’ असं ठळकपणे म्हणणारे निघाले ८. उरलेल्यांना फारसा फरक नव्हता, एकाला उलट जास्त त्रास वाटला. आणि यात एक अडचण आहे, जी शास्त्र शिकलेल्या कुणालाही टोचेल. सगळ्यांचा वण कापलाही होता आणि पेशीही दिल्या होत्या. मग गुण कशाचा, कापण्याचा की पेशींचा? पेशी न देता नुसता वण कापलेला दुसरा गट तिथे नव्हता. त्या डॉक्टरांचा दावाही मोठा नाही. पहिला प्रश्न त्यांनी ‘हे सुरक्षित आहे का’ असाच घेतला होता.

त्याच वर्षी फ्रान्समधल्या मार्सेय शहरातूनही एक निकाल आला. तिथे मगजाऐवजी रुग्णाच्या चरबीतून पेशींचं मिश्रण वेगळं काढून वणात टोचलं. रुग्ण ८. सुरक्षित ठरलं, आवाजातही सुधारणा दिसली.

सोळा आणि आठ. दोन्ही मिळून चोवीस माणसं. आमच्या गावच्या एसटीत सकाळी याहून जास्त बायका उभ्यानं जातात. जगात याखेरीजही थोडे प्रयोग झालेत, होत आहेत, पण एवढं म्हणता येईल की हे काम अजून पहिल्या-दुसऱ्या पायरीवर आहे.

एक प्रयोग मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात नेथन वेल्हॅम यांच्या गटानं काही वेगळंच केलं. ज्यांची स्वरयंत्रं आजारामुळे काढावी लागली होती अशा काही जणांच्या आणि एका मृत दात्याच्या निरोगी घड्यांतल्या पेशी घेतल्या. या मूलपेशी नव्हेत, तिथल्याच साध्या पेशी. कोलॅजनच्या मांडणीवर त्या दोन आठवडे वाढवल्या आणि घडीचं पांघरूण बशीत तयार झालं. मग ते मेलेल्या कुत्र्याच्या स्वरयंत्रात बसवलं आणि खालून ऊबदार, ओलसर हवा सोडली. आवाज निघाला. १७४१ मध्ये फेरॅंनं मेलेल्या गळ्यात फुंकर मारली होती, इथे पावणेतीनशे वर्षांनी पुन्हा तीच फुंकर. हे पांघरूण अजून कुठल्याही रुग्णाला बसवलेलं मी वाचलेलं नाही.

आणखी एक शोध आहे, तो कुणी जाहिरातीत सांगत नाही. मूल जन्मतं तेव्हा त्याच्या घडीत हे थर नसतात. ते वाढत्या वयात हळूहळू तयार होतात. कुरुमेच्याच किमिनोरी सातो यांनी अशा माणसांच्या घड्या तपासल्या, जी आजारामुळे जन्मापासून कधीच बोलू शकली नव्हती. मोठी झाली तरी त्यांच्या घडीत नीट थर तयार झालेले नव्हते. म्हणजे घडी आवाज काढते आणि आवाज घडी घडवतो! बाळाचं रडणं, बोबडं बोलणं, गाणं, यातूनच ती विणली जाते. म्हणून पेशी टोचून गप्प बसलं की काम झालं, असं होत नसावं. योग्य थरथर मिळाली तरच नवा थर नीट विणला जाईल, असं अनेक संशोधक मानतात.

आता ताई, तुमच्या जाऊबाईंकडे येते.

आपल्या देशात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, २०१७ मध्ये मूलपेशींबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं छापली आहेत. त्यांत साफ लिहिलंय की रक्ताच्या काही आजारांसाठी मगजाचं किंवा रक्तातल्या मूलपेशींचं रोपण सोडलं, तर बाकी कुठल्याही आजारावर मूलपेशी हा रोजचा उपचार म्हणून द्यायचा नाही. द्यायचा तर फक्त नोंदलेल्या चाचणीत. अशा चाचण्यांची सरकारी नोंदवही आहे, तिला सीटीआरआय म्हणतात, आणि ती इंटरनेटवर कुणालाही उघडून बघता येते. घरातल्या कॉलेजच्या पोराला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. चाचणी असेल तर तिला क्रमांक असतो, नीतिसमितीची मंजुरी असते, तुमच्या भाषेतलं संमतिपत्र असतं, आणि प्रयोगातल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. तेव्हा त्या दवाखान्याला क्रमांक विचारा. आमच्या ओळखीतल्या एकीनं गुडघ्यासाठी असाच क्रमांक विचारला, तर समोरच्यांनी ‘ते कागद नंतर देऊ, आधी ॲडव्हान्स भरा’ म्हटलं. ती उठून आली.

मग करायचं काय, हात बांधून बसायचं? नाही. पहिलं म्हणजे, तो वणच आहे का हे कुणी नीट पाहिलंय का? मघाशी सांगितलेली लुकलुकत्या उजेडाची तपासणी, स्ट्रोबोस्कोपी, झाली आहे का ते विचारा. साध्या दुर्बिणीत लाट दिसत नाही. कधी घडी फक्त नीट मिटत नसते, कधी सूज असते, कधी रात्री पोटातलं आम्ल वर येऊन घसा जाळत असतं. या तिन्हींचे उपाय वेगळे आणि स्वस्त आहेत. दुसरं म्हणजे वाचाउपचार. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, मैसूरला १९६५ पासूनची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आहे, आणि मोठ्या सरकारी रुग्णालयांत वाचाउपचारतज्ज्ञ असतात. वण असला तरी उरलेली घडी कमी ताणात कशी वापरायची हे ते शिकवतात. त्यांतला एक व्यायाम अगदी साधा, बारीक नळीतून फुंकर घालत सूर धरायचा. अमेरिकेच्या इंगो टिट्झे यांनी त्यामागचं गणित मांडून दाखवलं. नळीमुळे हवेचा दाब घड्यांना हळुवार अलग ठेवतो आणि आपटणं कमी होतं. पण तो आधी तज्ज्ञासमोर शिकायचा, रेडिओवर ऐकून नाही.

यानं पूर्वीचा आवाज परत येतोच असं मी सांगणार नाही. माझा आला नाही. पण चौथ्या तासाला डोळ्यांत पाणी येणं थांबलं, आणि कमरेला बांधायचा छोटा माईक मी शेवटची सहा वर्षं वापरला. पोरं आधी हसली, मग त्यांनीच तो चार्ज करून ठेवायला सुरुवात केली.

चुलीचा धूर आणि मिश्री याबद्दल मी बोलत नाही, मागच्या वेळी बोलले तेव्हा चार घरांतून निरोप आले होते. तरी मिश्री सोडाच.

ताई, जाऊबाईंच्या फायलीत शस्त्रक्रियेचा कागद असेल आणि गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट असेल. दवाखान्यानं इंजेक्शनाबद्दल काही लिहून दिलं असेल तर तेही. नसेल लिहून दिलं, तर लिहून मागा. ते सगळं घेऊन शनिवारी अकराला केंद्रावर या दोघीजणी. मी असते. बसून वाचू.